एकेचाळिसावी ओळ

गावभाग, सांगली
५ डिसेंबर २०२२

राहीबाई शेलार यांना नमस्कार.

तुमची माझी ओळख नाही. मी सुमंत आठल्ये. तुमची मुलगी शिवांजली सांगलीत राहून पीएच.डी. करत होती, तेव्हा प्रबंधाच्या अक्षरजुळणीसाठी माझ्याकडे यायची. आमचा पूर्वी छापखाना होता. वडील शिशाचे खिळे जुळवायचे, मी घरात बसून संगणकावर तेच काम करतो.

सोबतच्या पार्सलात तिचा प्रबंध बांधून पाठवला आहे. ‘कोयना खोऱ्यातील भूकंपाच्या आठवणी’, दोनशे बारा पानं. विद्यापीठात तो गेला नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण तिच्या सगळ्या फायली माझ्या संगणकावर होत्या. त्या तशाच पडून राहणं मला बरं वाटेना.

बाकीची मुलं मजकूर आणून देतात आणि ‘सर, तुम्ही बघा’ म्हणून निघून जातात. ती म्हणाली, मला शिकवा. मी ज्यावर काम करतो तो लाटेक नावाचा प्रोग्राम जरा जुन्या वळणाचा आहे. त्यात पान डोळ्यांसमोर दिसत नाही. साध्या फायलीत मजकूर लिहायचा, मधे मधे आज्ञा लिहायच्या: इथे शीर्षक, इथे तळटीप, इथे नवं प्रकरण. मग एका काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, की आतल्या आत सगळी पानं लागून पुस्तक बाहेर पडतं. दोन महिन्यांत तिचा हात माझ्यापेक्षा जलद चालायला लागला. पुस्तक बाहेर पडलं की दर वेळी टाळी वाजवायची.

या वेळी ती शेवटची ओळ मी टाइप केली. बाकी एक अक्षरही बदललेलं नाही.

शेवटची ती माझ्याकडे आली ती १९ जुलैच्या सोमवारी. काम संपत आलेलं होतं. पुढचं मला पेपरातून कळलं. त्याच आठवड्यात आमच्याकडेही पुराचं पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत आलं होतं, म्हणून भेटायला येऊ शकलो नाही. पाणी तर आठ दिवसांत उतरलं, हेही खरं.

तिच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

सुमंत आठल्ये


आंबेदरा, ता. पाटण, जि. सातारा
१२ डिसेंबर २०२२

सर,

पुस्तक मिळालं. मी सातवी शिकल्याली हाय. बोलते तसंच लिवते, चूक मनावर घिऊ नगा.

पोस्टमननं दिलं तवा ह्ये रानात ऊस तोडनाऱ्यांजवळ हुते. मी एकलीच. हात धुऊन, पुसून मगच उघडलं. तिचं नाव बघितलं. मग मनोगत म्हनून पान हाय, त्ये बोट ठिवून ठिवून वाचलं. त्यात माझं नाव हाय, ह्यांचं हाय, तुमचंबी हाय. खाली तिचं नाव. त्याच्या खाली सांगली. आन् त्याच्या खाली २८ नोव्हेंबर २०२२.

सर, माझी पोरगी २०२१ च्या जुलैत गेली म्हनत्यात. मग परवाच्या नोव्हेंबरात ह्ये कुनी लिवलं?

तुमी म्हनता एक अक्षर बदललं न्हाई. म्हंजे तारीख तिनंच घातली.

आता माझं ऐका. त्या जुलैत, बुधवारी सांच्याला ती आचानक गावी आली. रविवारी तिला बघायला पाहुनं येनार हुतं. मीच बोलावलं हुतं त्यास्नी, तिला न इचारता. आमचं लय वाजलं. मी म्हनले, अठ्ठावीस वर्साची घोडी झालीस, पुस्तकाशी लगीन लावनार हायस का. ती जेवली न्हाई. बेस्तरवारी सकाळी मुसळधार पावसात पाठीला पिशवी लावून निघाली. मी चुलीम्होरनं बघितलं, कुठं चाललीस म्हनून इचारलं न्हाई. वढ्यावरच्या साकवापल्याड एस्टीची वाट हाय. दुपारी साकव वाहून गेला. तिसऱ्या दिवशी खाली बाभळीत तिची छत्री घावली. ती घावली न्हाई. सतरा महिने झाले, ती घावल्याली न्हाई.

म्हनून मला कवाच पटलं न्हाई. मला वाटतं ती एस्टीत बसली. रागानं गेली, आन् रागातच हाय.

ह्यांनी येत्या पंधरा तारखेला कराडला संगमावर दर्भाचा पुतळा करून तिचं करायचं ठरवलं हुतं. सुभेदार मानूस, एकदा ठरलं की ठरलं. मी सांच्याला त्यांच्यापुढं पान ठिवलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग बाहीर जाऊन भटजींना फोन केला, येऊ नगा म्हनून.

सर, ती तुमच्याकडं आसंल, न्हाईतर तुमाला ठावं आसंल कुठं हाय ती. तिला सांगा, पाहुन्यास्नी मी कवाच नगं म्हनून कळवलंय. आमी वरडनार न्हाई. नुसतं बघून माघारी जाऊ.

राहीबाई


सांगली
१६ डिसेंबर २०२२

राहीबाई,

तुमचं पत्र मिळालं. माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे. ती कशी झाली ते सरळ सांगतो.

ती तारीख शिवांजलीनं घातलेली नाही. मीही नाही. फायलीत मनोगताच्या खाली तिनं तारीख लिहिलेलीच नव्हती. तिथे तिनं फक्त एक आज्ञा लिहून ठेवली होती: आजची तारीख घाल. काम चालू असताना सगळेच असं करतात, म्हणजे कुठला मसुदा कोणत्या दिवसाचा ते कळतं. काम संपलं की ती आज्ञा काढून खरी तारीख लिहायची असते. तिचं काम संपायचं राहिलं आणि आज्ञा तशीच राहिली. २८ नोव्हेंबरला मी प्रोग्राम चालवला, त्यानं त्या दिवशीची तारीख घातली. उद्या चालवला तर उद्याची घालेल. त्याला कोण आहे आणि कोण नाही हे कळत नाही.

मी पानं तपासली होती. समास, ओळींची लांबी, शब्द कुठे तुटले, सगळं बघितलं. तारखेकडे माझं लक्ष गेलं नाही. चाळीस वर्षं हाच धंदा करणाऱ्या माणसाचं लक्ष गेलं नाही.

ती माझ्याकडे नाही. कुठे आहे हे मला माहीत नाही. आशेला लावणारा एकही शब्द मी आता लिहू नये, म्हणून एवढ्या कोरडेपणानं लिहितो आहे.

दुरुस्त केलेलं पान सोबत आहे. फायलीत तिनं शेवटचा बदल केला त्या दिवसाची, १९ जुलै २०२१ ही तारीख घातली आहे. जुन्या पानावर चिकटवता येईल.

तुम्हाला आणि सुभेदारांना झालेल्या त्रासाची क्षमा मागायलाही मला तोंड नाही.

सुमंत आठल्ये


आंबेदरा
२८ डिसेंबर २०२२

सर,

आमी न कळवता आलो, त्याचं वाईट वाटून घिऊ नगा. तुमचं पत्र वाचून ह्ये म्हनाले, मानूस खरं बोलतोय. मला पटलं न्हाई. मी म्हनले, लपवनाराबी असंच लिवंल. मग ह्ये म्हनाले, चल, डोळ्यानं बघ.

तुमच्या घरात शिरल्या शिरल्या मी पानी मागितलं. मला तान लागली न्हवती. तुमच्या मंडळी भांडं आनायला आत गेल्या तशी मी मागनं गेले, आन् मोरीपाशी, दारामागं, दोरीवर बघितलं, कुठं तिची चप्पल, तिची वढनी दिसती का. तुमच्या मंडळींच्या ध्यानात आलं. त्या रागावल्या न्हाईत. उलट माडीवर जायचं दार उघडून दिलं. वर निसती रद्दी आन् जुनं खिळ्याचं लाकडी कप्पं. त्यास्नी माझा नमस्कार सांगा.

मग तुमी मशिनीपुढं बसलासा. तुमची पाठ आमच्याकडं हुती, म्हनून आमची तोंडं तुमाला दिसली न्हाईत. काळ्या पडद्यावर तुमी एक ओळ मारली आन् पांढरी अक्षरं आपोआप पळाय लागली. मानूस न्हाई, हात न्हाई, आन् झरझर कोन तरी लिवतंय. मला वाटलं आतनं तीच हाय. मग पुस्तक उघडलं, मनोगताखाली तिचं नाव, सांगली, आन् त्या दिवशीची तारीख. २३ डिसेंबर.

ह्ये तुमाला म्हनाले, “परत दाबा.” तुमी परत दाबलं. “आनि एकदा.” तिसऱ्यांदाबी तीच.

मग त्यांनी इचारलं, “आन् उद्या?”

तुमी म्हनालासा, “उद्याची येईल, सुभेदार.”

“आन् आमी दोघं मेल्यावर कुनी दाबलं तर?”

तुमी कळांवरनं हात काढून घेतलासा. मग म्हनालासा, “त्या दिवशीची येईल.”

सर, बत्तीस वर्सांच्या संसारात मी त्यास्नी रडताना बघितलं न्हाई. ल्हान भाऊ सरहद्दीवर गेला तवाबी न्हाई. तुमची पाठ हुती म्हनून बरं झालं. एस्टीत त्ये एवढंच म्हनाले, “राही, पोरगी न्हाई आता.” मी खिडकीतनं बाहीर बघत बसले. कराड गेलं, मल्हारपेठ गेलं, मी मान वळवली न्हाई.

आता मला पटलंय. पन एक राहिलंय. ती साकवावर हुती, ती घर सोडून जाताना हुती का घरी येताना? माझ्यावर रागावून गेली का? रोज चुलीम्होरं बसलं की ह्योच इचार. ह्ये म्हनत्यात, काय फरक पडतो. बापाला न्हाई पडत आसंल.

निघताना तुमी सांगितलासा की तिच्या फायलीत काही ओळी हायत, ज्या छापून येत न्हाईत. म्होरं टक्क्याची खून घातली की मशीन ती ओळ वाचतच न्हाई, लिवनाऱ्यानं आपल्यापुरतं लिवायचं. तुमी कायतरी दाबून त्या मोजूनबी दाखवल्या. त्या मला पाठवा. चांगलं वाईट काय आसंल त्ये.

राहीबाई


सांगली
८ जानेवारी २०२३

राहीताई,

तुमची परवानगी न घेता ताई लिहिलं आहे.

त्या ओळी टाइप करून सोबत जोडल्या आहेत. बऱ्याचशा मला उद्देशून आहेत. मी तिच्या फायली तपासायचो, तेव्हा फोन करण्याऐवजी ती अशी फायलीतच मला विचारायची आणि मी खाली उत्तर लिहायचो. पुस्तकाच्या आत, कुणाला दिसणार नाही असं आमचं बोलणं चालायचं.

काही मी इथेच लिहितो. कागद उलगडण्याआधी तुम्हाला कल्पना असावी.

तुमच्या सासूबाईंनी भूकंपाच्या रात्रीचं सांगितलं आहे त्या पानाशी: “सर, इथं आजी हसली होती. घर पडलं ते सांगताना हसली. हसली असं प्रबंधात लिहितात का?” मी खाली लिहिलं होतं, लिहितात. तिनं लिहिलं नाही.

त्याच पानावर थोडं पुढे: “आजीच्या बोलण्यात आई मधेच बोलली. नियमानं काढायला पाहिजे. नाही काढत. माझ्या पुस्तकात आईचं एक वाक्य असू दे.” ते वाक्य सत्त्याऐंशी पानावर आहे. ‘अत्ती, तवा गुरं कुनी सोडली ते सांगा की.’

पाचव्या प्रकरणात: “हे लिहून झाल्यावर मला तीन दिवस जमीन हलल्यासारखी वाटत होती. सर, हे फक्त मला होतं का?” याला मी उत्तर दिलेलं नाही. का दिलं नाही, आता आठवत नाही.

आणि एक १९ जुलैची. मनोगताच्या वर: “पाहुणे रविवारी. आईला सांगायचंय की लग्न नकोच असं नाही, आत्ता नको. फोनवर सांगायला गेलं की आवाज चढतो. समोर बसून सांगते.”

ताई, ही ओळ वाचून मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं अर्धं तरी उत्तर मिळावं. भांडायला ती आली नव्हती.

संध्याकाळी दिवा लागला की मी आता ती फाईल उघडत नाही. माझ्या बायकोच्या हे ध्यानात आलंय, म्हणून तुम्हालाही सांगतो, नाहीतर नसतं लिहिलं.

सुमंत


आंबेदरा
१४ जानेवारी २०२३

सर,

तिळगूळ पाठवलाय, मंडळींना द्या.

ओळी वाचल्या. सत्त्याऐंशी पान ह्यास्नी मोठ्यानं वाचाय लावलं. अत्तींना जाऊन तीन वर्सं झाली, पन पानात त्या बोलत्यात आन् मी मधी तोंड घालतीया. समोर बसून सांगते म्हनली आन् मी बसूच दिलं न्हाई तिला.

पन सर, त्या दिवशी मशिनीनं आकडा दाखवला आन् तुमी त्यो मोठ्यानं वाचलासा. एकेचाळीस. मी कागदावरच्या मोजल्या. चाळीस हायत. बोट ठिवून दोनदा मोजल्या.

एक कुठं हाय?

राहीबाई


सांगली
२१ जानेवारी २०२३

राहीताई,

ती ओळ ही:

“बिराप्पांची संमती राहिली. सर म्हणतात, सोमवारपर्यंत आली नाही तर बिराप्पांना वगळू. वगळायचं नाही. गुरुवारी साकवापलीकडं धनगरवाड्यावर जाऊन अंगठा घेऊन येते.”

आता तुम्हाला सगळं सांगायला हवं.

ज्यांच्या आठवणी प्रबंधात आहेत त्या प्रत्येकाचं संमतिपत्र शेवटी जोडायचं होतं. सत्तावीस माणसं, सव्वीस सह्या. धनगरवाड्यावरच्या बिराप्पांचा अंगठा राहिला होता. १९ तारखेला ती म्हणाली, “सर, घाटात पाऊस लय आहे, पुढच्या महिन्यात आणून दिला तर?” माझ्याकडे पुढे दुसऱ्याचं काम यायचं होतं. एक पान रिकामं राहिलं की पुढची पानं सरकतात, अनुक्रमणिका बदलते, मला पुन्हा सगळं तपासावं लागतं. मी म्हणालो, “सोमवारी मी फाईल बंद करणार. तोवर आणा, नाहीतर बिराप्पांना काढून टाकू.” ती हसून म्हणाली, “काढू नका. आणते.”

कोरं पान सोडता आलं असतं. एक कोरं पान, ताई. मी ते रोज सोडतो, पुस्तकात कितीतरी सोडतो.

ती तुमच्या बोलावण्यानं गावी आली नव्हती. बुधवारी ती आली ती माझ्यामुळे, आणि गुरुवारी साकवाकडे गेली तीही माझ्यामुळे. पेपरात बातमी वाचली त्या दिवसापासून मला हे माहीत होतं. पाण्याचं निमित्त सांगून मी आलो नाही. चाळीस ओळी पाठवताना ही एक यादीतून हातानं पुसून टाकली, आणि तुम्ही मोजाल असं मला वाटलं नाही.

तुम्ही म्हणाल ते ऐकून घ्यायला मी तयार आहे.

सुमंत


सांगली
६ मार्च २०२३

राहीताई,

सहा आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. ते येणार नाही असं धरून चाललो आहे.

एक गोष्ट केली आहे ती कळवतो. त्या ओळीपुढची टक्क्याची खूण मी काढून टाकली. एका कळीचं काम. आता ती ओळ पुस्तकात छापली जाते, बिराप्पांच्या आठवणीच्या खाली, इतर मजकुराच्याच अक्षरात. ‘सर म्हणतात’ या शब्दांसकट सगळी. प्रोग्रामनं काही कुरकुर केली नाही. पान दोनशे चार.

दोन प्रती काढल्या. एक माझ्याकडे ठेवली, एक पाठवत आहे. तुम्हाला घरात नको असेल तर पोस्टमनकडे परत करा.

सुमंत


आंबेदरा
११ एप्रिल २०२३

सर,

पुस्तक परत केलं न्हाई.

तुमचं जानेवारीतलं पत्र आलं तवा मी त्ये चुलीत घालाय निघाले हुते. ह्यांनी हात धरला. मला तुमचा लय राग आला. आजबी हाय. बिराप्पाचा अंगठा हवा हुता तर तुमी यायचं हुतं आमच्या घाटात. उत्तर लिवलं न्हाई, कारन लिवलं असतं तर शिव्याच लिवल्या असत्या, आन् ज्यानं तिचं पुस्तक बांधलं त्याला शिव्या लिवायला हात हुईना.

पन ती ओळ डोक्यातनं जाईना. धनगरवाड्यावर जाते, आन् अंगठा घिऊन येते. म्हंजे एस्टीची वाट तिनं धरलीच न्हवती. मग ती तितं पोचली का न्हाई? साकवावर ती कवा हुती?

त्याच बेस्तरवारी रातीला पल्याडची दरड खाली आल्याली. धनगरवाडा उठून गेला. बिराप्पा कुठं गेला कुनाला ठावं न्हवतं. ह्यांनी दोन महिने इचारपूस केली. शेवटी कळलं, कोयनानगरच्या अंगाला लेकीच्या घरी हाय. गेल्या आठवड्यात आमी दोघं गेलो.

म्हातारा अंगनात बसला हुता. ह्यास्नी बघितलं आन् उठून घरात पळाला. लेकीनं हाताला धरून बाहीर आनला. म्हनाला, “सुभेदार, मारायचं आसंल तर मारा. मी सोडली तिला.”

ह्ये म्हनाले, “मारायला न्हाई आलो. सांग.”

मग त्यानं सांगितलं. ती नऊच्या सुमाराला पोचली, चिंब भिजल्याली. पिशवीत कागुद पिलास्टिकात गुंडाळून आनला हुता. शेळीच्या दुधाचा चा प्याली. आदी त्याचं सगळं बोलनं त्याला वाचून दाखवलं, मगच अंगठा मागितला. त्याच्या ऱ्हायच्या कोट्यावर पत्रा वाजत हुता म्हनून मोठ्यानं वाचावं लागलं. त्यो म्हनला, “पोरी, पानी उतरू दे, मग जा.” ती म्हनली, “न्हाई बाबा, आई वाट बघत आसंल. काल तिच्यावर लय वरडले. जेवायच्या येळंला घरात पायजे मी. आज तिच्याम्होरं बसायचंय.”

त्यो तिला उतारापतोर सोडाय आला. साकव तितनं दिसत न्हाई. तिनं मागं वळून हात केला. मग त्यो कोट्याकडं फिरला. दुपारनं पानी वाढल्यालं बघितलं तवा त्याला वाटलं, ती कवाच पल्याड गेली आसंल. खरं काय त्ये कळलं तवा आमच्या दारात यायला त्याचं पाय उचललं न्हाईत. पावनेदोन वर्सं त्यो म्हातारा मीच मारली म्हनत बसलाय. तुमी सांगलीत तेच म्हनत बसलासा. मी हितं.

सगळं ऐकून ह्ये त्याच्यासमोर भुईवर टेकले. मग म्हनाले, “कुठला अंगठा दिलास?” बिराप्पानं डावा हात पुढं केला. म्हनला, “शाईबी तिनंच पुसली, वढनीच्या पदरानं.” ह्यांनी त्यो अंगठा आपल्या दोन्ही हातांत धरला. एवढा मोठा सुभेदार, म्हाताऱ्या धनगराचा अंगठा धरून अंगनात बसून राहिला. मी तोंड फिरवलं न्हाई या टायमाला. दोघांकडं बघत बसले.

परवा कराडला तिचं केलं. म्हातारा लेकीसंगं आला हुता. तुमाला कळवायचं माझ्या मनात आलं हुतं, मग म्हनलं, आनि थोडं थांबावं.

तुमाला माफ केलं असं मी लिवनार न्हाई, सर. लिवलं तर खोटं हुईल. पन ती घरी येत हुती, ह्ये मला तुमच्या त्या ओळीपायी कळलं. तुमी ती दाबून ठिवली असती तर मी मरूस्तोवर ती निघून गेली असंच म्हनत राहिले असते. आता तुमचा राग आन् ह्ये कळल्यालं, दोनीबी माझ्यापाशी राहतील.

आनि एक हाय. कुनाला सांगितल्यालं न्हाई, सुभेदारांनाबी न्हाई. तुमी तुमचं सांगितलासा, म्हनून सांगते. त्या बेस्तरवारी मी रागात दोघांपुरत्याच भाकरी थापल्या हुत्या. पीठ हुतं, जाळ हुता, तरी तिच्या वाटनीची थापली न्हाई. येळंला आली असती तर तिला ताटात कायबी मिळालं नसतं.

आता रोज दुपारी एक भाकरी जास्त हुती. ह्ये इचारत न्हाईत, आन् मी सांगत न्हाई.

राहीबाई